तीन वर्षांसाठी जर्मनीला निघालात? मुलांच्या शाळेचा हिशोब परतीच्या तारखेपासून मांडा

ऑफर हातात आली त्या आठवड्यात आम्ही भाड्याची घरं पाहिली, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथून यावर चर्चा केली, दोन कुकर न्यायचे की एक हेही ठरवलं. मुलांच्या शाळेचा विषय मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवला. धाकटी तेव्हा दुसरी संपवत होती, थोरला सहावी. करार तीन वर्षांचा. माझ्या सासूबाईंनी बोटांवर मोजून विचारलं, ‘म्हणजे मोठा परत येईल तेव्हा थेट दहावीत बसायचा का गं?’

त्या एका प्रश्नाने आमचा सगळा बेत बदलला. पुण्याहून स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टकडे दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्या कुटुंबांना मी आता हेच सांगते, की तिथली शाळा शोधण्याआधी परत आल्यावर मूल कोणत्या इयत्तेत बसणार ते लिहून काढा आणि तिथून मागे मोजत या.

पहिलं काम: कागदावर इयत्ता मांडा

एका कागदावर प्रत्येक मुलासाठी एक ओळ आखा. निघतानाची इयत्ता, तिथली वर्षं, परततानाची इयत्ता. करार वाढण्याची शक्यता असेल तर आणखी एक वर्ष धरून दुसरी ओळ काढा, कारण करार वाढतात.

परतीची इयत्ता आठवीपर्यंत येत असेल तर निश्चिंत व्हा, रस्ता मोकळा आहे. नववीत येत असेल तर जपून, पण जमतं. दहावीत किंवा बारावीत येत असेल तर बेत बदला. सीबीएसईमध्ये नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे सलग अभ्यासक्रम मानले जातात, नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत प्रवेश मिळवणं म्हणजे पालकांच्या बदलीचे पुरावे, परदेशी इयत्तेची समकक्षता, मंडळाची परवानगी, अशी पळापळ. राज्य मंडळात १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण दोन वर्षं जर्मनमध्ये शिकलेल्या मुलाला त्या वाटेने ढकलायचं हा शेवटचा उपाय समजा.

मूल डॉक्टरकीकडे वळेल असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट आत्ताच ठाऊक हवी. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यातून प्रवेशासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, काही अपवाद सोडले तर. अधिवासाचा दाखला असला तरी दहावी बाहेर झाली की अडतं. त्या-त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचाच, पण परतीची तारीख ठरवताना हा नियम समोर ठेवा.

आम्ही काय केलं? कंपनीशी बोलून तीन वर्षांची दोन केली. थोरल्याने सातवी-आठवी तिथे केली आणि नववीला पुण्यात आला. ही बोलणी सही करण्याआधी झाली म्हणून सोपी गेली. नंतर केली असती तर कठीण होतं.

घरी शिकवण्याचा विचार सोडून द्या

‘दोनच वर्षं आहेत, घरीच सीबीएसईचा अभ्यास घेऊ, मुक्त विद्यालयातून परीक्षा देऊ,’ असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेत हे चालू शकतं. जर्मनीत नाही. तिथे मुलाने शाळेत प्रत्यक्ष जाणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि घरी शिकवू द्या म्हणून थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलेल्या पालकांची बाजू २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये फेटाळली गेली. आखातात जशा जागोजागी सीबीएसईच्या शाळा आहेत तशीही सोय तिथे नाही. म्हणजे उरतात तीन वाटा: सरकारी शाळा, खासगी द्विभाषिक शाळा आणि आंतरराष्ट्रीय शाळा.

जर्मनीतली शाळा थोडक्यात

शिक्षण हा तिथे १६ राज्यांचा आपापला विषय आहे. म्हणून म्युनिकच्या मैत्रिणीचा सल्ला स्टुटगार्टला लागू होईलच असं नाही. प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत असते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाच्या दिशेने नेणारं गिम्नाझियम, मधली रेआलशूले, आणि काही ठिकाणी सगळ्यांना एकत्र ठेवणाऱ्या शाळा.

चौथीच्या या वळणावर तुमचं मूल येणार असेल तर राज्याचा नियम बघा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी, लागते. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, जिथे स्टुटगार्ट आहे, शिक्षकांची शिफारस, ‘कॉम्पास ४’ ही चाचणी आणि पालकांची इच्छा यांचा मेळ बघतात. वर्षभरापूर्वी आलेलं मूल जर्मनमध्ये मागे असणारच. म्हणून तिसरी-चौथीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्गशिक्षिकेला पहिल्याच भेटीत सांगा, की आम्ही अमुक साली परत जाणार आहोत. त्या वळणाचं दडपण घरात कुणीच घ्यायची गरज नाही, तुमच्या मुलाची दहावी पुण्यात आहे.

गुण उलटे असतात: १ म्हणजे सर्वोत्तम, ६ म्हणजे सर्वांत वाईट. धाकटीला गणितात १ मिळाला तेव्हा तिच्या आजोबांनी फोनवर तिची समजूत काढायला सुरुवात केली होती. हा मुद्दा परत आल्यावर शाळेच्या ऑफिसातही येतो, तो पुढे सांगते.

कोणती वाट कोणासाठी

माझं मत स्पष्ट आहे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला जवळच्या सरकारी शाळेत घाला. फी नाही, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये पुस्तकंही शाळाच वापरायला देते, मित्र त्याच गल्लीत राहतात, आणि सहा-आठ महिन्यांत मूल जर्मन बोलायला लागतं. खर्च होतो तो दप्तरावर. तिथलं पाठीला नीट बसणारं दप्तर दीडशे-दोनशे युरोंच्या घरात जातं. जुनं घ्या, चांगल्या अवस्थेतली सहज मिळतात.

अकरा ते तेरा वयाच्या मुलांचं जरा विचार करण्यासारखं आहे. जर्मन येत नसलेल्या मुलाला आधी भाषेच्या तयारी वर्गात बसवतात. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये त्याला फोरबेराइटुंग्सक्लासे म्हणतात, बायर्नमध्ये डॉइचक्लासे, बर्लिनमध्ये विलकॉमेन्सक्लासे. तिथे मुख्य भर जर्मनवर. गणित, खेळ, चित्रकला अशा तासांना हळूहळू नेहमीच्या वर्गात पाठवतात. यात एक ते दोन वर्षं जातात. म्हणजे दोन वर्षांसाठी गेलेलं मूल विज्ञान आणि समाजशास्त्र खऱ्या अर्थाने शिकायला लागतं तोवर परतीची तिकिटं निघालेली असतात. थोरल्याच्या बाबतीत आम्ही तरीही हीच वाट घेतली, कारण त्याला शाळेनंतर फुटबॉल क्लबमध्ये मुलांबरोबर बोलता यावं असं आम्हाला वाटत होतं, आणि गणित-विज्ञान घरी सांभाळायची तयारी होती. ती तयारी नसेल तर हा निर्णय घेऊ नका. गिम्नाझियममध्ये सहावीपासून दुसरी परकीय भाषाही सुरू होते. तुमच्या मुलासाठी त्याचं काय करणार, ते शाळेला थेट विचारा.

चौदाच्या पुढच्या मुलासाठी आंतरराष्ट्रीय शाळा हाच खरा पर्याय, किंवा मग नोकरी करणाऱ्याने एकट्याने जाणं. आयबी किंवा केंब्रिज हे तिथले आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम पुण्या-मुंबईतही पुढे चालवता येतात. पण फी वर्षाला साधारण १५ ते २५ हजार युरो असते. कंपनी भरणार म्हणाली तर करारात लिहून घ्या, आणि लक्षात ठेवा, शाळकरी मुलाची फी कंपनीने भरली तर जर्मनीत ती पगाराचा भाग धरून तिच्यावर कर लागतो. तो कर कोण सोसणार ते विचारा. फी स्वतः भरत असाल तर मान्यताप्राप्त शाळेच्या फीच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ५,००० युरो, कर विवरणात वजा मिळतात. खासगी द्विभाषिक शाळा या दोन्हींच्या मध्ये येतात, फी कमी, पण जागा थोड्या आणि प्रतीक्षा यादी लांब. निघण्याआधी सहा महिने ईमेल टाकला तरच उपयोग.

घर घेतानाच शाळा ठरते

ही चूक आमच्या हातून झाली. सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग आणि बायर्नमध्ये प्रत्येक शाळेचा भाग आखलेला असतो. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात पालकांना निवड करता येते, पण तिथेही जवळ राहणाऱ्याला झुकतं माप. आम्ही ऑफिसजवळचं घर घेतलं. त्या भागातल्या शाळेत भाषेचा तयारी वर्ग नव्हता, म्हणून धाकटीला पहिले पाच महिने दोन थांबे ट्रामने जाऊन दुसऱ्या शाळेत बसावं लागलं. आठ वर्षांच्या मुलीने नोव्हेंबरच्या अंधारात सकाळी साडेसातला ट्राम पकडणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

तेव्हा घराची यादी तयार झाली की प्रत्येक पत्त्यासाठी तीन प्रश्न नगरपालिकेच्या शिक्षण विभागाला किंवा शाळेच्या ऑफिसला विचारा: या पत्त्याची शाळा कोणती, तिथे भाषेचा वर्ग आहे का, आणि दुपारच्या सांभाळाची जागा मिळेल का.

तिसरा प्रश्न दोघे नोकरी करणार असाल तर सर्वांत मोठा. प्राथमिक शाळा बारा-साडेबाराला सुटते. त्यानंतर जेवण, गृहपाठ आणि खेळ यासाठी वेगळी सोय असते, तिला होर्ट किंवा अन्य नावं आहेत. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क सुरू होतो आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढत २०२९-३० पर्यंत चौथीपर्यंत पोचतो. तोवर वरच्या इयत्तांना रांग आहेच.

जाण्याआधी पुण्यात करायची कामं

निघायची वेळ हातात असेल तर मे महिना निवडा. आपली वार्षिक परीक्षा झालेली असते आणि स्टुटगार्टकडे उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मूल वर्गात नुसतं बसतं, ऐकतं, एखादी मैत्री जमवतं. शिक्षकांची काही अपेक्षा नसते. मग सुट्टीत तीच मैत्रीण बागेत भेटते, आणि सप्टेंबरमध्ये नव्या वर्षाला वर्ग ओळखीचा असतो. ऑगस्टमध्ये पोचलेली मुलं रिकाम्या शहरात एकटी सुट्टी काढतात.

जर्मनची सुरुवात घरीच करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि जर्मन शिकवणाऱ्या ताई-दादांची तर वाण नाही. मुलाला व्याकरण नको. ‘मला टॉयलेटला जायचंय’, ‘मला कळलं नाही’, ‘मी पण खेळू का?’ ही वाक्यं पाठ हवीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

आणि आकडे. जर्मन आकडे आपल्यासारखे आहेत, हे धाकटीला तिथे गेल्यावर समजलं. इंग्रजीत ट्वेंटी-वन, पण जर्मनमध्ये आइन-उंड-त्स्वांझिग, एक आणि वीस. धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, एकदम म्हणाली, ‘आई, हे तर एकवीसच आहे!’ मग पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर, सगळे जोरजोरात म्हणून झाले. वर्गातल्या इतर परदेशी मुलांना जे आठवडे घेतं ते मराठी आकडे पाठ असलेल्या मुलाला एका संध्याकाळीत कळतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे मराठी आकडे कच्चे असतात, ते निघण्याआधी पक्के करून घ्या. लिहिण्यात मात्र फरक आहे. सातच्या पोटात आडवी रेघ, भागाकाराला दोन टिंबं, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. १ मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेला गोवराच्या लसीचा पुरावा द्यावाच लागतो, नाहीतर शाळा आरोग्य विभागाला कळवते आणि दंड होऊ शकतो. दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात. आपल्याकडे ते नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या आसपास झालेले असतात, कार्डावर एमआर किंवा एमएमआर लिहिलेलं असतं. पण अक्षर लागत नाही, तारीख पुसट असते. बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत टाईप करून, लसीचं नाव, तारीख, सही-शिक्क्यासह घ्या.

बाकी कागद: मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत. आणि सरकारी नोंदीतले मुलाचे तीन क्रमांक, म्हणजे पेन क्रमांक, अपार आयडी आणि सरल पोर्टलचा क्रमांक, शाळेतून लिहून आणा. शाळा सोडली की मूल यूडायस या देशभरच्या शालेय नोंदीत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, जातं, आणि परतल्यावर नवी शाळा याच क्रमांकावरून त्याला ओढून घेते. क्रमांक नसेल तर दुसरी नोंद तयार होते आणि पुढे आधारशी जुळत नाही.

पोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, घरमालकाचं पत्र लागतं. त्याच कागदावर शाळेत नाव घालता येतं. पहिलीत बसण्याचं वय राज्यागणिक वेगळं: बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा पूर्ण, बर्लिनमध्ये ३० सप्टेंबर. आपल्या सीनियर केजीतून आलेलं मूल वाचत असतं, तिथली पहिलीची मुलं अक्षरं गिरवत असतात. त्याला कंटाळा येईल, येऊ द्या.

शाळा बऱ्याचदा एक इयत्ता खाली बसवायला सुचवते. लहान मुलाला भाषेसाठी ते सोयीचं असतं, पण तुमच्या कागदावरच्या ओळीकडे बघा. परत येताना एक वर्ष मागे आलेलं चालणार आहे का? पाचवीपर्यंत चालतं. सातवी-आठवीत आम्ही नम्रपणे नाही म्हटलं, कारण लेखी दिलं, आणि शाळेने ऐकलं.

सुट्ट्यांबद्दल एक सूचना. लग्नासाठी किंवा स्वस्त तिकिटासाठी मुलाची चार दिवस शाळा बुडवणं तिथे चालत नाही, दंड होतो. घरच्या कार्याच्या तारखा ठरवताना भावा-बहिणींना शाळेचं सुट्टीपत्रक आधी पाठवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शरद सुट्टीत कधी दिवाळी सापडते, कधी नाही.

तिथे असताना पुण्याचा धागा

सगळा अभ्यास घरी घ्यायचा प्रयत्न करू नका, मूल दोन्हीकडून पिचतं. दोनच गोष्टी धरा. गणित रोज अर्धा तास, आपल्या पुस्तकातून. पाचवी ते आठवीत आपलं गणित तिथल्यापेक्षा वेगाने जातं. आणि मराठी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे परतल्यावर तो विषय समोर येणारच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. म्युनिकसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी वर्ग भरत असतील तर तिथे न्या. पण लिहिण्याची सवय आमच्याकडे टिकली ती आजीमुळे. दर रविवारी धाकटीने आजीला एक पानाचं पत्र लिहायचं, फोटो पाठवायचा, आणि आजी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून उलट फोटो पाठवायची.

परतीच्या आधीचे तीन महिने

इकडची शाळा जूनमध्ये सुरू होते, काही सीबीएसई शाळा एप्रिलमध्येच. तिकडचं वर्ष जुलैच्या शेवटी संपतं. वर्ष पूर्ण करून आलात तर इथले सहा आठवडे बुडतात. पत्ता रद्द केला की तिथली शाळेची सक्तीही संपते, म्हणून मे महिन्यात नाव काढून येता येतं. फेब्रुवारीत अर्ध्या वर्षाचं गुणपत्रक मिळतं ते आणि निघतानाचं गुणपत्रक, दोन्ही घ्या. आपल्यासारखा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ तिथे नसतो, म्हणून मुख्याध्यापकांकडून एक इंग्रजी पत्र मागा: मूल कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या इयत्तेत होतं, पुढच्या इयत्तेला पात्र आहे, आणि १ ते ६ या गुणांचा अर्थ. आमच्या आधीच्या एका कुटुंबाला इथल्या ऑफिसात ‘गणितात १’ नापास समजून परत पाठवलं होतं. आम्ही पत्रातली ती ओळ पिवळ्या पेनने रंगवून नेली. जर्मन कागदांचं तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजी करून घ्या आणि इथली शाळा भारतीय वकिलातीचा शिक्का मागते का ते आधी विचारा. म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्गला आपले वाणिज्य दूतावास आहेत, पुण्यात बसून हा शिक्का मिळवणं फार अवघड.

पुण्यातल्या शाळेला डिसेंबरमध्येच पत्र टाका. जुन्या शाळेत जागा राखून मिळत नाही, पण ओळख असते.

आल्यावर थोरल्याला लगेच क्लास लावायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते बरं झालं. पहिले दोन महिने तो संध्याकाळी नुसता सायकलवर जुन्या मित्रांकडे जायचा. इतिहासाचे आणि हिंदीचे राहून गेलेले धडे दिवाळीच्या सुट्टीत, एका वहीत यादी करून, रोज दोन असे भरून काढले.